काच पुसायची राहिली

सांगली,
मंगळवार

प्रिय दादा,

पाकीट बघून तू आधी हसला असशील. घरात चार फोन असताना दीपीला पत्र लिहायचं काय सुचलं, असं वहिनीला म्हणालाही असशील. खरं सांगायचं तर पाकीट मिळवतानाच माझी दमछाक झाली. दुकानदारानं आधी आहेराची सोनेरी पाकिटं पुढे केली. साधं पाकीट मागायला हल्ली कुणी येत नाही म्हणाला. शेवटी मिळालं एक, खाकी. ते नीट चिकटवून वर चिकटपट्टीही मारणार आहे. पाकिटाचं एक बरं असतं, कुणी फोडलं तर फोडलेलं दिसतं. फोनचं तसं नाही. कुणी उघडला, वाचला आणि होता तिथं परत ठेवला, तर त्याच्यावर ओरखडाही उठत नाही. शिवाय तुझ्या फोनवर लिहिलं असतं तर वहिनीनं, आईनं आणि शेजारच्या बनुबाईनं तुझ्या आधी वाचलं असतं, कारण तुझा तो एल आकाराचा पॅटर्न अख्ख्या गल्लीला पाठ आहे. फौजेत सतरा वर्षं काढलीस, पण लॉक काही बदललं नाहीस.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी नुकतीच हळदीच्या पॅकिंगवरून घरी आले होते. कधी नव्हे ते तू माझ्या गुडघेदुखीची चौकशी केलीस, तेव्हाच ओळखलं की काहीतरी काम आहे. मग मुद्द्यावर आलास. "सृष्टीनं फोनचं लॉक बदललंय. मी लावून दिलेलं हुतं, ते आता चालंना. तुझ्यासमोर दिवसातनं धा वेळा उघडत आसंल, बोट कसं फिरतंय तेवढं ध्यानात ठेव. पुढच्या रविवारी मी येतोय. आत काय गावलं तर दप्तर गुंडाळायचं आन् घरी न्यायचं." बारावीच्या परीक्षेला दीड महिना राहिलाय, दादा. माझ्या स्वयंपाकघरात, फ्रिजला पाठ टेकून तुझी पोर पहाटे पाचपासून अभ्यास करते. तिला घरी न्यायचं की ठेवायचं हे तिच्या मार्कांवर ठरणार नाही, शिक्षकांना विचारून ठरणार नाही. नऊ ठिपक्यांवरून तिचं बोट कसं फिरतं यावर ठरणार, आणि ते मी तुला चोरून सांगायचं. फोन ठेवता ठेवता तू आणखी एक वाक्य बोललास. त्या वाक्यामुळे मी चार दिवस धड जेवलेले नाही, पण त्याच्याकडे जरा उशिरानं येते. आधी तुला काही गोष्टी आठवून द्यायच्या आहेत.

माझा पहिला फोन तूच आणला होतास. मिलिटरी कँटीनमधून, आण्णांना न विचारता. पलंगावर माझ्या शेजारी बसून, माझं बोट धरून तू मला लॉक लावायला शिकवलंस. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ खाली आणि मग उजवीकडे. "ह्यो चुकत न्हाई कवाच," म्हणालास. तुझ्या फोनला तोच, वहिनीच्या फोनला तोच, आईच्या फोनलाही तोच. चार कुलपं आणि किल्ली एक. मला त्या दिवशी त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं! त्याच रजेत तू मला पळायलाही शिकवलंस. पहाटे कालव्याच्या रस्त्यावर तू पुढे आणि मी मागे, हातातल्या घड्याळावर वेळ लावून तू ओरडायचास की शेवटच्या शंभर मीटरला श्वास धरू नकोस, सोड. एकदा आठशे मीटर झाल्यावर घड्याळ बघून म्हणालास, "पोरगा असतीस तर डायरेक्ट भरती झाली असतीस की गं." तू रजा संपवून गेलास आणि ते वाक्य माझ्याकडेच राहिलं. मुलींचीही भरती होते, हे तुला सांगायचं धाडस मी एकदा केलं होतं, आठवतं? फोनवर. तू म्हणालास, आण्णा म्हणतील तसं. आण्णा काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे. पोरीनं खाकी कापडं घालून गावातनं हिंडायचं व्हय, असं म्हणून त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विषय संपला. त्यांच्यापुरता संपला. मी मात्र पळत राहिले.

सबा तुला कधी धड ठाऊक नव्हती, म्हणून सांगते. भांड्यांना कल्हई करणाऱ्या मोहिद्दीन चाचांची ती मुलगी. इस्लामपूरच्या कॉलेजात माझ्या बाकावर बसायची. तिलाही पोलीस व्हायचं होतं आणि तिच्याही घरात बाप तयार नव्हता, आई अख्तरबी मात्र गुपचूप दूध-अंडी द्यायची. सबाकडे स्वतःचा फोन नव्हता. मुलीच्या हातात फोन नको, हे आपल्या आण्णांइतकंच त्यांच्याकडेही पक्कं. म्हणून ती मोठ्या भावाच्या फोनवरून मला मेसेज करायची. भावाचं स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, सहा फुटांचं, एक काउंटर आणि एक स्टूल. माझ्या फोनची चार्जिंगची पिन एकदा तिथंच बसवली होती, तेव्हापासून त्याचा नंबर माझ्याकडे त्याच्या नावानं होता. त्यानं एक रबरी शिक्का करून घेतला होता, नऊ ठिपक्यांचा. पावतीच्या मागे तो शिक्का मारायचा आणि गिऱ्हाइकानं त्यावर पेननं आपला पॅटर्न काढून द्यायचा, म्हणजे दुरुस्तीनंतर फोन चालू करून बघता येतो. निम्म्या इस्लामपूरची किल्ली त्याच्या एका डब्यात पडून होती. लोक किती बिनधास्त काढून देतात याचं त्यालाच हसू यायचं. जवळजवळ सगळे वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करतात, म्हातारी माणसं एल काढतात, पोरं आवडत्या पोरीच्या नावाचं पहिलं अक्षर काढतात, असं तो सबाला सांगायचा. पण कुणाचा पॅटर्न काय, हे त्यानं बहिणीलाही कधी सांगितलं नाही. एकदा एक नवरा बायकोच्या फोनची पावती मागायला आला, तर यानं ती त्याच्यासमोर फाडून चहाच्या कपात टाकली. त्यानंच सबाकरवी मला निरोप दिला होता की, पॅटर्न बदल, खालून सुरू कर, आणि फोन उघडला की काच पुसत जा, बोटाचा माग राहतो.

मी बदलला. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातून सरळ वर, तिथून तिरकं डावीकडे खाली, आणि तिथून परत सरळ वर. सात ठिपके. अवघडच होता, निम्म्या वेळा मीच चुकायचे आणि तीस सेकंद थांबा म्हणून फोन मलाच दटावायचा. त्यामुळे मी बोट दाबून, सावकाश फिरवायचे. पोलीस भरतीचा फॉर्म सबानं भरला होता, माझं प्रवेशपत्र तिच्या भावाच्या प्रिंटरवर निघालं. साताऱ्याला मैदानी चाचणी, सकाळी आठ. तेव्हा तू रजेवर आलेला होतास आणि तुझा एल माझ्या फोनला लागत नाही हे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नुसतं माझ्याकडे बघितलंस आणि फोन परत दिलास.

चाचणीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हळद पॉलिशला होती. शिजवलेली, वाळवलेली हळद ड्रममधून निघायची आणि मी ती पोत्यात भरायची. अंगभर पिवळा धुरळा, हाताला घाम. तेवढ्यात मेसेज वाजला. ओढणीला बोट पुसल्यासारखं केलं, फोन उघडला, वाचला, आणि आई हाक मारतेय म्हणून तसाच कोनाड्यात ठेवून म्हशीकडे पळाले. आधीचे सगळे मेसेज मी रोजच्या रोज पुसत होते, हुशारीनं. काच पुसायची राहिली. तू तो फोन उचललास, दारातल्या उन्हाकडे तिरका धरलास आणि काचेवर माझा सगळा पॅटर्न पिवळा उमटलेला दिसला. हे मला कसं माहीत? माझ्या हळदीच्या दिवशी वहिनी कौतुकानं सांगत होती. "लय हुशार हायेत तुझं दादा. पयल्यांदा वरनं काढला तर उघडंना. मग उलटा, खालनं काढला, आन् उघडला की!" पाटावर बसलेल्या माझ्या दंडाला ती हळद लावत होती. आपल्याच ड्रममधली हळद, त्याच पोत्यातली.

पण मी पुढे गेले. त्या संध्याकाळबद्दल आधी. मी दूध काढून आत आले तर तुम्ही तिघं बसला होतात आणि माझा फोन तुझ्या खिशात होता. आण्णांनी विचारलं, "उद्या पाटं जाणार हुतीस का न्हाई?" मी एवढंच म्हटलं की व्हय, जाणार होते. "आन् आमी अडिवलं तर?" उद्या अडवाल, मग पुढच्या वेळी जाईन, असं मी म्हणाले, आणि तसं म्हणताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, दादा. वीस वर्षांत आण्णांना तोंड वर करून बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. त्यांनी मारलं. आईनं पदर तोंडाला लावला. तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलास. मी तुझ्याकडे बघत होते, कारण मला वाटत होतं की आता तू मध्ये पडशील, म्हणशील की आण्णा, पोरगी आठशे मीटर चांगलं पळते, मीच शिकवलंय. कुठं जाणार होतीस, कशाला जाणार होतीस, हे तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. तुम्ही मेसेज वाचलाय म्हणजे तुम्हाला सगळं कळलंय, असं मी धरून चालले.

पाचव्या आठवड्यात माझं लग्न झालं. स्थळ कवठे महांकाळचं, कारण इस्लामपूरच्या आसपासचं नको असं तूच म्हणाला होतास. उसाच्या रानातून मी उघड्या माळावर गेले, दोन उन्हाळे टँकरमागे घागर घेऊन धावले, मग तुझ्या दाजींनी टेम्पो घेतला आणि आम्ही सांगलीला मार्केट यार्डाजवळ राहायला आलो. माणूस म्हणून तुझे दाजी, कृष्णात, वाईट नाहीत, हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते. आमची लेक माया आता दुसरीत आहे. हळदीच्या कामानं माझ्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात, रेशनच्या मशीनवर तीनतीनदा अंगठा ठेवावा लागतो आणि फोन तर माझं बोट ओळखतच नाही. म्हणून अजून पॅटर्नच लावते, आणि उघडला की पदरानं काच पुसते. दाजी हसतात. माया तर दोनदा बघून तिसऱ्यांदा माझा फोन उघडते, सात वर्षांची पोर. तिला एवढंच सांगितलंय की तुला उघडता येतो म्हणून उघडायचा नसतो. आणि आण्णा. तीन वर्षांपूर्वी, जायच्या आधी दोन दिवस, त्यांनी माझा हात धरून म्हटलं, "चुकली हुतीस, पर निभावलंस पोरी." मी हात काढून घेतला होता, तू दारातच उभा होतास. भरतीला जायला निघाले ही चूक, आणि ती मरतानाही माफ करून जायची गोष्ट, याचा मला संताप आला होता. त्यांच्या तेराव्यालाही मी रडले नाही. तुम्ही सगळे म्हणालात, काळजाची कठीण आहे.

आता सृष्टी. तू सांगितलंस ते मी केलं का? केलं. लपवत नाही. ती माझ्यासमोर पाय पसरून बसते आणि फोन उघडते, हात आडवा धरत नाही, पाठ फिरवत नाही. घरातली बाई बघेल अशी शंकाच तिच्या मनात नाही. भाकरी थापता थापता दोनदा बघितलं, मला आलं. चारच ठिपके. शुक्रवारी ती आंघोळीला गेली तेव्हा फोन ओट्यावर होता. उद्या माझ्या घरात काही घडलं तर तू मला काय म्हणशील, या भीतीनं माझं बोट काचेवर गेलं. उघडला मी. आत काय दिसलं ते तुला सांगणार नाही, आणि मीही नीट बघितलं नाही, कारण त्या क्षणी मला तू दिसलास, दारातल्या उन्हाकडे फोन तिरका धरून उभा असलेला. मी बंद केला, पदरानं काच पुसली आणि होता तसा ठेवला. नऊ वर्षं ज्या गोष्टीसाठी तुला शिव्या दिल्या, तीच मी अर्ध्या मिनिटात केली होती, आणि तुझ्यापेक्षा सफाईनं.

शनिवारी तिला सांगितलं. खूप ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आत्या, तू पण?" आणि मग, "पप्पांनी सांगितलं ना?" म्हणजे तिला तुझी सगळी पद्धत ठाऊक आहे, दादा. दिवाळीत ती झोपली असताना तू तिचा फोन बघितलास, तेही ठाऊक आहे. म्हणून तर तिनं लॉक बदललं. तुला वाटलं, आत काहीतरी आहे म्हणून बदललं. दोन दिवस ती स्वयंपाकघरात अभ्यासाला बसली नाही. ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जेवायला बसायची आणि माया दोघींमध्ये येरझाऱ्या घालायची. काल संध्याकाळी आत आली, माझ्यासमोरच बसली, पण माझ्याकडे पाठ करून, आणि नवा पॅटर्न लावला. तो मला माहीत नाही आणि यापुढे मी बघणार नाही. तेव्हा तू मागितलेली वस्तू माझ्याकडे नाही, हा तुझ्या कामाचा निकाल. आमच्या दोघींत जे होतं ते मात्र मी तुझ्या एका फोनपायी घालवून बसले. पाठ फिरवून बसायची सवय तिला माझ्याच घरात लागली.

आणि आता ते वाक्य. फोन ठेवताना तू म्हणालास, "जरा सांभाळ. तुझ्या टायमाला त्या दानिशचं झालं, तसलं परत नगं आपल्या घरात." मी विचारलं, कोण दानिश? तू म्हणालास, जाऊ दे, झालं गेलं, आणि फोन ठेवलास. मी तव्यासमोर उभी, भाकरी करपून गेली. दानिश म्हणजे सबाचा भाऊ, शिक्क्यावाला, ज्याच्याशी मी आयुष्यात चार वाक्यं बोलले असेन आणि त्यातली दोन पिनच्या पैशांबद्दल. त्याचं काय झालं होतं? मला एवढंच माहीत होतं की माझ्या लग्नाच्या सुमारास त्यानं दुकान बंद केलं. सबा त्यानंतर मला कधी भेटली नाही. मी समजत होते की मला मागे टाकून ती एकटी चाचणीला गेली आणि नंतर लाजेनं आली नाही. नऊ वर्षं मी तिच्यावर रुसून होते. रविवारी कॉलेजातल्या एकीकडून तिचा नंबर मिळवला. ती सातारा पोलिसांत आहे, सध्या कोयनानगरला. रेंज येत-जात होती, तीन वेळा फोन कट झाला, पण जे सांगायचं ते तिनं सांगितलं. त्या पहाटे ती पाच वाजता इस्लामपूरच्या स्टँडवर उभी होती, डोक्याला ओढणी, हातात कागदांची फाइल. तू तिथं आला होतास. तिनं तुला ओळखलं, तिला वाटलं, दीपाचा निरोप घेऊन आलास. तू तिच्यासमोरून दोनदा गेलास, बाकं बघितलीस, रसवंतीच्या मागे बघितलंस, तिच्याकडे मात्र बघितलं नाहीस. तू पोरगा शोधत होतास ना. सव्वापाचच्या गाडीनं ती गेली. आणि दहा वाजता चार जणांना घेऊन दुकानात शिरलेला माणूस तूच होतास, हे आम्हा दोघींना आता फोनवरच जुळलं. काउंटरची काच फुटली, दानिशच्या कानाखाली बसली. पोरीच्या नादाला लागू नकोस, एवढंच तुम्ही म्हणालात. कुठल्या पोरीच्या, ते सांगितलं नाहीत, घराण्याची अब्रू होती ना. कुणा गिऱ्हाइकाच्या फोनमधलं काहीतरी बाहेर फुटलं आणि त्याचा आळ आपल्यावर आला, असं त्याला आजतागायत वाटतंय. त्यानं तो शिक्का जाळून टाकला. आता बेळगावला दुसऱ्याच्या दुकानात कामाला आहे. उजव्या कानानं त्याला ऐकू येत नाही.

हे पत्र त्यासाठी आहे, दादा. तू उघडून वाचलेला तो मेसेज मी तुला परत वाचून दाखवते, मला शब्दन् शब्द पाठ आहे: उद्या पाच वाजता स्टँडवर. कागदपत्रं सगळी ओरिजिनल घे. घरी काही बोलू नको. मी आहे सोबत. वर नाव दानिशचं होतं, बोटं सबाची होती. तू लॉक उघडलंस, अगदी हुशारीनं उघडलंस, आणि मला एक प्रश्न विचारायचा आळस केलास. आण्णा गेले ते मला पळून जाणारी मुलगी समजून गेले आणि मी त्यांच्या हातातून हात काढून घेतला. आता ना त्यांना सांगता येतं, ना तो हात परत देता येतो. तुला रविवारी यायचंच असेल तर ये. सृष्टीसमोर बस आणि तोंडानं विचार. सांगितलं तर ऐक, नाही सांगितलं तर चहा पिऊन परत जा, परीक्षा होईपर्यंत ती इथून हलणार नाही. तिला घेऊन जायचं असेल तर आधी मला ओलांडावं लागेल, आणि या वेळी मी कशासाठी आडवी येतेय, हे मोठ्यानं सांगून उभी राहीन. सोबत एक कागद ठेवलाय. नऊ वर्षं तो माझ्या ट्रंकेत शालूच्या घडीत होता, म्हणून किंचित पिवळा पडलाय. मागच्या बाजूला दानिशचा नंबर लिहिलाय, सावकाश बोल, त्याला एकाच कानानं ऐकू येतं. पुढच्या बाजूला माझा विसाव्या वर्षीचा फोटो आहे, तारीख आहे, साताऱ्याचं मैदान आहे, सकाळी आठची वेळ आहे. आणि खाली एक चौकोन आहे. उमेदवारानं त्यात मैदानावर, अधिकाऱ्यासमोर सही करायची होती. तो अजून कोराच आहे.

तुझीच धाकटी बहीण,
दीपमाला